त्या सालची थंडी

‘सूनबाई, ते कुत्रं खिडकीपाशी नको झोपवत जाऊ. वारं येतं तिथून. बघ कसं थरथरू राहिलंय.’

बापू गॅलरीतल्या खुर्चीतून ओरडले तेव्हा माझा एक हात कणकेत होता, दुसऱ्या हातात लायटर होता आणि दूध उतू जायच्या बेतात होतं. दहाला मला पतसंस्थेत पोचायचं होतं. आणि आमच्या घरात त्या क्षणी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न काय, तर कुत्र्याला वारं लागतं.

‘बापू, त्याच्या अंगात स्वेटर आहे. खाली गोधडी आहे. अजून काय करू? तव्यावर ठेवू त्याला?’

‘मला काय करायचंय म्हणा,’ बापू म्हणाले. ‘तुमचं कुत्रं, तुम्ही बघा. मी आपलं सांगितलं.’

आणि पुन्हा पेपर वाचायला लागले. पेपर उलटा धरला असता तरी मला नवल वाटलं नसतं, कारण त्यांचा एक डोळा सतत त्या कुत्र्यावर असायचा. चुका काढायला, असं मला तेव्हा वाटायचं.

आता बापूही नाहीत आणि ते कुत्रंही नाही, म्हणून हे सांगायला हरकत नाही. बापू होते तोवर मला तोंड उघडायची बंदी होती. आणि मला जे ओळखतात त्यांना ठाऊक आहे, गप्प बसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

बापू म्हणजे माझे सासरे. जन्म सगळा निफाडच्या द्राक्षबागेत गेला. सासूबाई गेल्यावर बाग थोरल्या मुलाकडे, भास्करदादांकडे सोपवून ते नाशकात आमच्या फ्लॅटवर राहायला आले. आले ते आले, पण मन लागेना. लिफ्ट नको, गीझरचं पाणी नको, शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज नको. अन्नही नको. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. वजन इतकं उतरलं, की डॉक्टर मलाच रागावले. जणू मी त्यांच्या तोंडचा घास काढून घेत होते.

त्यात दिवाळीत ते कुत्रं आलं.

आणलं आमच्या लेकीनं, ऋतुजानं. पुण्याला कॉलेजात शिकायची. सुट्टी संपवून परत जायच्या आदल्या दिवशी गंगापूर रोडच्या रिक्षा स्टँडवर हे लंगडं, खरजुल्या कानाचं कुत्रं तिला कुडकुडताना दिसलं. बाईसाहेबांनी ते उचललं, आणि घरी येऊन बापूंचा खुंटीवरचा लोकरी मफलर त्याला गुंडाळला. म्हणून नावही मफलर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्याच्या बसमध्ये बसली आणि कुत्रं माझ्या गळ्यात पडलं.

‘आई, फक्त थंडीपुरतं गं!’

फक्त थंडीपुरतं! नाशकाची थंडी म्हणजे काय दोन दिवसांची पाहुणी आहे?

बापूंनी त्याच दिवशी जाहीर केलं, ‘मला कुत्रं चालायचं नाही घरात. माझा मफलर गेला तो गेला. रथसप्तमीला थंडी सरती. त्या दिवशी हे खाली गेलं पाहिजे, नाहीतर मी निफाडला चाललो.’

माझा नवरा हेमंत म्हणाला, ‘बघू.’ हेमंत सगळ्याच गोष्टींना बघू म्हणतो. बघायची मी.

बापूंना कुत्रं का चालत नव्हतं, हे सगळ्या घराला पाठ होतं, कारण सासूबाई असताना प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती गोष्ट व्हायचीच. बागेत त्यांचा खंड्या नावाचा कुत्रा होता. सासूबाईंचा भारी लाडका. एका साली निफाडला अशी थंडी पडली, की द्राक्षं वाचवायला रात्र रात्र बागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या.

‘मी म्हटलं, खंड्याला रात्रीचं शेडमध्ये घ्या,’ सासूबाई सांगायच्या. ‘तर हे म्हणाले, कुत्र्याला कसली आलीय थंडी? झालं! माझा खंड्या ओकून ओकून गेला. अरे, मी रोज सकाळी माझ्या हातानं त्याला डिंकाचा लाडू भरवायची, अंगात ऊब राहावी म्हणून. पण यांनी त्याला उघड्यावर मारला.’

सगळे हसायचे. बापू हसायचे नाहीत. पान लावत बसायचे. त्यानंतर बागेत दुसरं कुत्रं आलं नाही.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या खुर्चीखाली आमचा मफलर.

त्या कुत्र्याला सांभाळणं म्हणजे काय, ते मी सांगते. सकाळी त्याला खाली न्यायचं, तर लिफ्टचं दार उघडून गार वारं आत आलं रे आलं, की हा चारी पाय रोवून बसायचा. रस्त्यावर जन्माला आलेलं कुत्रं, पण महिनाभर गोधडीत काय झोपलं, फरशीवर पाय ठेवायला तयार नाही. त्याला उचलून खाली न्यायचा, झाडापाशी उभा करायचा, तर तो माझ्याकडे बघत उभा. मी शालीत कुडकुडतेय, वॉचमन हसतोय, आणि हे महाराज काही करत नाहीत. वर आणलं की पायपुसण्यावर कार्यक्रम! मी कपाळावर हात मारून घ्यायची.

स्वेटर मीच विणला होता. तो त्यानं एकदा खाल्ला. मग दुसरा विणला.

आणि वरून बापूंच्या सूचना. त्याला गार पाणी देऊ नको. त्याच्या पायाखाली पोतं टाक. पंखा कुणी लावला? दार कुणी उघडं टाकलं? आणि प्रत्येक सूचनेच्या शेवटी, ‘मला काय करायचंय म्हणा.’

‘अहो, तुमचे वडील मला वेड लावणार,’ मी हेमंतला म्हटलं. ‘त्यांना ते कुत्रं नको आहे ना? मग त्याच्या थंडीशी यांना काय देणंघेणं?’

‘बघू,’ हेमंत म्हणाला.

त्या सगळ्या वैतागात माझं एकच समाधान होतं, ते म्हणजे बापू लाडू खायला लागले होते. डॉक्टरांनी पौष्टिक द्या म्हटल्यावर मी डिंकाचे लाडू करायला घेतले. ज्यांनी ते केलेत त्यांना ठाऊक आहे, तो उद्योग कसला असतो. डिंक तुपात तळा, खोबरं किसा, खारीक कुटा, आणि वर आमच्या घरच्या बेदाण्यांची मूठ. भास्करदादा दरवर्षी बागेतल्या बेदाण्यांची पिशवी पाठवायचे. आमच्याकडे शिऱ्यात बेदाणे, पुलावात बेदाणे, मग लाडवात नको कसे? वळताना माझ्या तळहातांना चटके बसायचे, पण करायची.

रोज सकाळी वाटीत एक लाडू घालून द्यायची. बापू तो गॅलरीत उन्हात बसून खायचे. माझ्यासमोर खायला लाज वाटते म्हणायचे, दात नीट नाहीत. पंधरा मिनिटांनी वाटी परत यायची ती लख्ख. कण राहिलेला नसायचा.

‘आवडला का?’

‘हां. बरा झालाय.’

ह्या ‘बरा झालाय’साठी मी तळहात भाजून घेत होते. तरी त्यांचं वजन काही वाढेना. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मी म्हटलं, वयच झालं, अंगी लागायला वेळ लागेल.

मग जानेवारीत थंडीची लाट आली. पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी, शेकोट्यांचे फोटो. बापूंनी तो पेपर दुपारपर्यंत हातातून ठेवला नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात आले. बापू आपण होऊन स्वयंपाकघरात आले म्हणजे मोठीच गोष्ट.

‘सूनबाई, उद्यापासून लाडू दोन देत जा.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘दोन?’

‘थंडी वाढलीय. आणि बेदाणे जरा सढळ हातानं घालत जा. ऊब धरतात.’

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या दिवशी मी पतसंस्थेतून थकून आले होते, तरी पदर खोचला आणि नवा घाणा केला. बेदाणे एका मुठीच्या जागी तीन मुठी घातले. हेमंतला म्हटलं, ‘बघा, तुमचे वडील दोन लाडू मागतायत. माणूस मार्गाला लागला.’ त्यानंसुद्धा त्या दिवशी ‘बघू’ न म्हणता ‘वा’ म्हटलं.

चार-पाच दिवस वाटी लख्ख परत येत राहिली.

मग एका रविवारी सकाळी मफलरनं ओकायला सुरुवात केली. आधी सोफ्यावर, मग माझ्या वाळत घालायच्या चादरींवर. मी चिडचिड करत पुसत होते, पण दुपारपर्यंत माझी चिडचिड गळून गेली. तो उठेना. उकडलेलं अंडं नाकाशी धरलं तरी तोंड फिरवलं. पायपुसणंसुद्धा कोरडं होतं. हेमंत कंपनीच्या कामासाठी सुरतेला गेलेला. घरात मी आणि बापू.

बापू खुर्ची सोडून त्याच्याशेजारी फरशीवर बसले होते. स्वतःच्या अंगावरची शाल त्याच्यावर टाकलेली. त्यांचा चेहरा पांढराफटक.

‘थंडी बाधली,’ ते म्हणाले. ‘मी सांगत होतो. सांगत होतो ना मी? वारं लागतं म्हणून सांगत होतो!’

‘बापू, माझ्यावर नका ओरडू. त्याला माझ्या अंथरुणात घेऊन झोपायचं बाकी ठेवलं होतं मी!’

‘मग असं कसं झालं?’

‘मला काय माहीत? मी काय कुत्र्यांची डॉक्टर आहे? चला, नेऊ या त्याला.’

‘मी पण येतो.’

‘तुम्ही कशाला? बाहेर गारठा आहे. तुम्ही पडलात म्हणजे मी कुणाकुणाला उचलू?’

पण बापूंनी चपला घातल्या होत्या. कुत्र्याला त्यांनी स्वतःच्या गोधडीत गुंडाळलं, छातीशी धरलं आणि लिफ्टमध्ये शिरले. ज्या लिफ्टला ते पिंजरा म्हणायचे, त्यात. रिक्षावाला म्हणाला, कुत्रं चालायचं नाही. बापूंनी त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो निमूट मीटर टाकून मोकळा झाला.

जनावरांच्या दवाखान्यात डॉ. मणियार म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी मफलरला टेबलावर घेतलं, पोट दाबलं, डोळे बघितले.

‘काय खाल्लं होतं यानं?’

‘नेहमीचंच. डाळभात, पोळी, अंडं,’ मी म्हटलं.

‘थंडी बाधलीय त्याला,’ बापू म्हणाले.

‘आजोबा, घरात गोधडीत झोपणाऱ्या कुत्र्याला थंडी बाधून असं होत नाही. लघवी केलीय का सकाळपासून?’

‘नाही. एरवी पायपुसणं सोडत नाही,’ मी म्हटलं.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात मफलर टेबलावरच पुन्हा ओकला. पिवळं पाणी, आणि त्यात काहीतरी काळपट, फुगलेलं. डॉक्टरांनी चिमट्यानं ते उचलून उजेडात धरलं.

‘हे काय आहे?’

मला ओळखायला वेळ लागला नाही. मी गेली वीस वर्षं ते निवडतेय.

‘बेदाणा,’ मी म्हटलं.

‘बेदाणे खाल्लेत यानं?’ त्यांचा आवाज एकदम बदलला. ‘अहो, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषासारखे असतात. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याच्या किडन्या बंद पडतात. कुणी दिले?’

‘कुणी देणार? आमच्या घरात बेदाणे उघडे नसतात. फक्त लाडवात...’

मी तिथंच थांबले. बापूंकडे बघितलं. बापू भिंतीवरच्या गाईच्या कॅलेंडरकडे बघत होते.

‘मला नीट कळलं पाहिजे,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘किती, आणि केव्हापासून. त्यावर पुढचं ठरेल.’

मफलर टेबलावर धापा टाकत होता.

‘रोज एक लाडू,’ बापू शेवटी म्हणाले. ‘थंडी वाढल्यापासून दोन.’

‘बापू!’

‘त्यात बेदाणे बरेच होते,’ ते खाली मान घालून म्हणाले. ‘मीच घालायला सांगितले.’

मला काय झालं सांगू! मी दवाखान्यात आहे, समोर डॉक्टर आहे, कशाचं भान राहिलं नाही.

‘म्हणजे ते लाडू तुम्ही खातच नव्हता? मी इथं डिंक तळतेय, हात भाजून घेतेय, तुमचं वजन वाढावं म्हणून देवाला हात जोडतेय, आणि तुम्ही ते लाडू ह्याला घालताय? आणि वर मला सांगताय, बरा झालाय? कुणाला बरा झालाय, बापू? ह्याला विचारून सांगत होतात?’

‘सूनबाई, हळू.’

‘हळू काय हळू! तुम्हाला कुत्रं नको होतं ना घरात?’

‘ताई,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘भांडण बाहेर करा. मला सलाइन लावायचंय.’

त्यांनी मफलरच्या पुढच्या पायाचे केस कापले, सुई लावली. तो कण्हलासुद्धा नाही. बापू टेबलाची कड धरून उभे होते. मग त्यांनी अगदी हळू विचारलं.

‘डॉक्टर, एक विचारू? आधी ओकणं. मग खाणं बंद. मग पाण्याकडेही बघत नाही. लघवी होत नाही. तोंडाला वास मारतो. आणि मग तीन-चार दिवसांत जातं. हे असंच होतं का?’

‘हो. किडनी निकामी झाली की अगदी असंच. तुम्ही बघितलंय का कधी?’

‘आणि थंडीनं? थंडीनं नाही होत असं?’

‘नाही आजोबा. थंडीनं असं नाही होत.’

बापूंनी टेबलाची कड सोडली आणि बाहेर निघून गेले.

मी सलाइन सुरू होईपर्यंत थांबले. डोक्यात राग इतका होता, की बाहेर गेल्यावर काय काय सुनवायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. बाहेर आले तर बापू बाकावर बसलेले, रिकामी गोधडी मांडीवर.

‘बापू, मला फक्त एवढं सांगा...’

‘खंड्या असाच गेला,’ बापू म्हणाले.

‘खंड्या?’ मी म्हटलं.

‘असाच. तंतोतंत असाच. ती रोज सकाळी त्याला लाडू द्यायची. त्या साली थंडी फार, म्हणून जास्त द्यायची. बेदाणे आमचेच. पहिल्यांदाच घरचा बेदाणा केला होता त्या वर्षी. तिला कोण कौतुक.’

मला एकेक गोष्ट कळत गेली, आणि कळत गेली तशी मी त्यांच्या शेजारी बसले. सासूबाईंची ती गोष्ट. सगळ्यांचं हसणं. पान लावत बसलेले बापू.

‘म्हणजे बापू, तुम्ही नाही मारलंत त्याला,’ मी म्हटलं. ‘थंडीचा काही संबंधच नव्हता! इतकी वर्षं त्या तुम्हाला बोलत राहिल्या. चारचौघांत. आणि तुमची काही चूकच नव्हती!’

‘वर्षभर बोलली नव्हती माझ्याशी धड. दवाखान्यात होती शेवटी, तेव्हासुद्धा नर्सला सांगत होती. ह्यांनी माझा खंड्या थंडीत मारला म्हणून.’

‘बघा ना!’ माझा राग आता भलत्याच दिशेला वळला होता. ‘हे आधी कळलं असतं तर...’

‘बरं झालं नाही कळलं,’ बापू म्हणाले.

‘काय?’

‘तिनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता, सूनबाई. आपल्या हातानं गेला, हे तिला सोसलं नसतं. बरं झालं, ती आधी गेली.’ त्यांनी गोधडीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. ‘माझ्यावर राहिलं ते बरं होतं. मला सोसलं.’

माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला, कारण मी अजून भांडणार होते.

‘मग हे लाडू?’

‘मला वाटलं, ह्याला तरी थंडी नको लागायला. ती असती तर तिनं दिले असते. आणि तुझे लाडू...’ ते थांबले. ‘चव तिच्यासारखीच येते तुझ्या हाताला. घास घशाखाली उतरत नाही माझ्या.’

मी पदरानं नाक पुसलं.

‘हे कुणाला सांगायचं नाही,’ बापू म्हणाले. ‘हेमंताला नाही, भास्करला नाही. कुणालाच नाही. शपथ घे.’

‘पण बापू...’

‘सूनबाई.’

घेतली शपथ. दुसरं काय करणार होते?

पुढचे दिवस बापूंनी त्या दवाखान्यातच काढले. मी डबा भरून द्यायची, वर धमकीही, की डबा रिकामा आला पाहिजे आणि तो तुम्ही खाल्लेला असला पाहिजे, मी डॉक्टरांना विचारणार आहे. मफलर पिंजऱ्यात पडून असायचा, पायाला सलाइन. बापू बाहेर स्टुलावर. डॉक्टर रोज एकच गोष्ट विचारायच्या, लघवी झाली का. आणि रोज ती झालेली नसायची. डॉक्टरांचा चेहरा उतरत चालला होता. मी मनाची तयारी केली होती. ऋतुजाला फोनवर काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवली होती. पण बापूंना काय सांगायचं, ते मला सुचत नव्हतं. एक कुत्रा गेला त्याचं ओझं ह्या माणसानं तीस वर्षं वाहिलं होतं. हा गेला असता तर तो खरोखरच त्यांच्या हातून गेला असता.

एका दुपारी पतसंस्थेत माझा फोन वाजला. बापूंनी डॉक्टरांच्या फोनवरून लावला होता. फोन लावायला त्यांना कधी जमायचं नाही, पण ओरडायला जमायचं.

‘मुतला!’

‘काय?’

‘सूनबाई, मुतला! मांडीवर घेतला होता मी, सगळं धोतर भिजवलं बघ त्यानं! डॉक्टर म्हणतात, किडनी चालू झाली!’

समोर एक गृहस्थ ठेवीची पावती घ्यायला उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडायला लागले आणि हसायलाही. ते बिचारे म्हणाले, मी उद्या येतो.

रथसप्तमीला भास्करदादा, जाऊबाई आणि त्यांची मुलं निफाडहून आली. ऋतुजाही पुण्याहून आली होती. गॅलरीत ऊन पडलं होतं. बापू खुर्चीत, आणि त्यांच्या पायांवर मफलर, अंगात तिसरा स्वेटर. कुत्रं खाली जाण्याबद्दल कुणी काही बोललं नाही. बापूंनी सकाळी मला फक्त एवढंच म्हटलं होतं, की अजून हवेत गारवा आहे, आणि मला काय करायचंय म्हणा.

मी लाडवांचं ताट बाहेर आणलं. जाऊबाईंनी एक तोडला.

‘अगं, बेदाणे नाही घातलेस? आम्ही पाठवले ते संपले?’

‘माझ्या दातात अडकतात,’ बापू म्हणाले, आणि एक लाडू उचलून सगळ्यांसमोर खाल्ला. हळूहळू, पण सगळा. मी शेवटच्या घासापर्यंत बघत होते.

भास्करदादांनी मफलरच्या डोक्यावर थोपटलं आणि त्यांना गोष्ट आठवायची ती आठवली.

‘काय रे पोरांनो, तुम्हाला माहितीय का? ह्या तुमच्या आजोबांनी आमचा खंड्या थंडीत बाहेर ठेवून मारला होता. आई बिचारी रोज लाडू भरवायची त्याला, आणि हे म्हणाले, कुत्र्याला कसली आलीय थंडी! काय बापू? म्हणालात ना असंच?’

पोरं हसली. जाऊबाई हसल्या. ऋतुजा म्हणाली, ‘आजोबा! असं कसं करू शकलात तुम्ही?’

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

‘दादा, एक मिनिट,’ मी म्हटलं. ‘ऐका जरा, ते असं...’

‘सूनबाई,’ बापू म्हणाले, ‘चहा टाक.’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग ते खाली वाकले, मफलरचा स्वेटर मानेपाशी नीट केला.

‘म्हणालो होतो,’ ते नातवंडांना म्हणाले. ‘चुकलंच माझं. फार थंडी होती रे त्या साली.’

मी आत गेले आणि चहा टाकला. आलं ठेचायला घेतलं, तर बाहेरून जाऊबाईंनी हाक मारली, ‘अगं, आलं ठेचतेयस की खलबत्ता फोडतेयस?’